केळुसकरांचा अपुरा ट्रक

केळुसकरांच्या घरात जो कोणी 'खेळणं' हा शब्द उच्चारतो, त्याला चहा मिळत नाही. ही ऐकीव गोष्ट नाही. माझा स्वतःचा चहा परत गेलेला आहे.

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी. केळुसकर माझ्या समोरच्या दारात राहायला आले, तेव्हा शेजारधर्म म्हणून मी आपण होऊन भेटायला गेलो. हॉलमधल्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रं अंथरलेली, आणि त्यांवर वीतभर लांबीचा एक रणगाडा. कपाळाला भिंगाचा पट्टा बांधलेले एक गृहस्थ चिमट्यात मोहरीएवढा तुकडा धरून, श्वास रोखून बसले होते. मी कौतुकाने म्हटलं, "वा! छान आहे हो खेळणं. नातवासाठी का?"

वहिनी तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत होत्या. केळुसकरांनी मान वर केली नाही, नुसता हात वर केला. वहिनी आल्या पावली मागे वळल्या. कपातून वाफ निघत होती. आलं घातलेलं होतं, मला वास आला.

"खेळण्याला चावी असते," केळुसकर म्हणाले. "हे मॉडेल आहे. पस्तीसास एक या प्रमाणात. तुमची उंची किती?"

"पाच फूट पाच."

"म्हणजे पावणेपाच सेंटिमीटर," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी खरोखरच तेवढा झालो.

तेव्हापासून मला या माणसाचा राग आहे. तो विनाकारण नाही, एवढंच मला वाचकांना पटवून द्यायचं आहे.

यशवंत केळुसकर विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. जन्मभर दुसऱ्यांनी काढलेल्या रेषा तपासल्या. निवृत्तीनंतर रेषा संपल्या, म्हणून आम्हाला तपासायला घेतलं. जोडीला हा लष्करी गाड्यांचा नाद. खोक्यातून प्लॅस्टिकचे शेकडो तुकडे यायचे; ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. इथवर मी समजू शकतो. निवृत्त माणूस काहीतरी करणारच. आमच्या तिसऱ्या मजल्यावर एक जण हार्मोनियम शिकतोय, तेही आम्ही सोसतो.

पण केळुसकर गाडी सुंदर रंगवून झाली की ती मळवायला बसतात! होय, मळवायला. टेकडीच्या पायथ्याची माती आणायची, वहिनींच्या चहाच्या गाळणीतून गाळायची आणि केसाएवढ्या कुंचल्याने चाकांना फासायची. गंज चढवायचा. तेलाचे ओघळ काढायचे. यात दोन-दोन महिने जातात. "स्वच्छ गाडी म्हणजे लढाईला न गेलेली गाडी," हे त्यांचं वचन. आणि या सगळ्या काळात त्या घरात जेवणाचं ताट मांडीवर. पाहुणा आला तरी मांडीवर. मी एकदा न राहवून वहिनींना विचारलं, "तुम्ही हे चालवून कसं घेता?"

"अहो, दारू पीत नाहीत, पत्ते कुटत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "टेबलच खातात ना? खाऊ दे."

अशा उत्तरांमुळेच पुरुष बिघडतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

या वहिनींनी एकदाच, आणि तेही अजाणता, न्याय केला. दसऱ्याचा दिवस. सोसायटीत सगळे आपापल्या स्कूटर-गाड्या धुऊन, झेंडूचे हार घालून उभ्या करत होते. केळुसकर बाजारात गेलेले. टेबलावर त्यांची जीप, नुकती मळवून झालेली. वहिनींनी ती पाहिली आणि सणावारी घरातलं वाहन इतकं घाणेरडं असावं याची त्यांना लाज वाटली. त्यांनी ती भांड्याच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने, खसाखसा घासून लख्ख केली. वर कुंकवाचं बोट आणि झेंडूची एक पाकळी. मग बाल्कनीत, मोज्यांच्या शेजारी, निथळायला ठेवली.

केळुसकर आले. पुढचा आवाज पार वॉचमनच्या केबिनपर्यंत गेला. "अगं, दोन महिने! दोन महिन्यांचा चिखल होता तो!"

"मग दोन महिने धुतली का नाहीत?" वहिनी म्हणाल्या.

मी माझ्या दारात उभा राहून हे सगळं ऐकलं, आणि त्या दिवशीचं श्रीखंड मला फार गोड लागलं.

त्याला कारण होतं. त्याच वर्षी गणपतीत मी सीमेवरचा देखावा केला होता. मी सोसायटीच्या सांस्कृतिक समितीचा कार्यवाह. पुठ्ठ्याचा रणगाडा मी स्वतःच्या हाताने केला, पदरचा रविवार घालून. तर हे आरतीला आले, आणि सगळे टाळ्या वाजवत 'घालीन लोटांगण' म्हणत असताना माझ्या कानाशी म्हणाले, "प्रधान, तोफ म्हणून तुम्ही गच्चीच्या पाण्याचा पाइप लावलाय."

पाइपच होता तो! पण देवासमोर सांगायचं?

"आणि पट्टे उलटे बसवलेत. हा रणगाडा शत्रूकडे जाणार नाही, मागच्या मागे आपल्याच मोदकांवर येईल. डोळे आहेत की कोटाची बटणं?"

ही त्यांची आवडती शिवी. दुसरं पालुपद म्हणजे "फोटो दाखवा." तुम्ही काहीही म्हणा, की पूर्वी या रस्त्याला चिंचेची झाडं होती, की ताकात हिंग घालतात, केळुसकर डोळे बारीक करून म्हणणार, "फोटो आहे? असेल तर दाखवा." पुराव्याशिवाय या माणसाने कुणाला नमस्कारसुद्धा केला नसेल.

आणि गंमत अशी, की याच घरात, याच माणसाचा सख्खा थोरला भाऊ राहतो, आणि तो म्हणजे निव्वळ साखर. दादांना केळुसकरांनी दोन-तीन वर्षांपूर्वी वेंगुर्ल्याकडच्या घरून आणलं. दादा सैन्यात ड्रायव्हर होते, उभा जन्म तीन टनी ट्रक चालवला. आता ऐंशीच्या घरात, ताठ बसलेले, फारसं न बोलणारे. पण मी गेलो की अदबीने अर्धे उठणार. "येवा साहेब, बसा. पाणी हाडूक सांगू?" मला साहेब. वहिनींना बाईसाहेब. इतकंच काय, स्वतःच्या धाकट्या भावालासुद्धा "साहेब, तुमी बसा" असं अहो-जाहो. मी घरी येऊन बायकोला म्हणायचो, बघ, एकाच आईची पोरं, पण पाची बोटं सारखी नसतात ती अशी. एकाला शिस्त लागली, दुसऱ्याला नुसती जीभ सुटली.

याच दादांचा ट्रक केळुसकर करत होते. त्या ट्रकचं किट बाजारात मिळत नाही, म्हणून दुसऱ्याच एका ट्रकचं आणून, पत्रा कापून, दारं बदलून. समोर भिंतीवर फोटो होता, काळा-पांढरा: तरुण दादा आपल्या ट्रकच्या दाराशी उभे, शेजारी दाराला लटकलेली पाण्याची कॅनव्हासची पिशवी. मॉडेल मी पाहिलं होतं. दुष्मनाचं असलं तरी खरं बोलायला हवं, अप्रतिम होतं. म्हणून मी अपमान गिळून म्हटलं, "केळुसकर, सव्वीस जानेवारीला झेंडावंदन आणि सत्यनारायण झाला की खाली हॉलमध्ये रहिवाशांच्या कलेचं प्रदर्शन ठेवतोय. तुमचा ट्रक मधोमध."

"झाला की देईन," ते म्हणाले.

मी फलक छापला. 'आमच्या सोसायटीतील कलावंत', खाली ट्रकचं चित्र. नोव्हेंबरमध्ये विचारलं, ट्रक झाला नव्हता. डिसेंबरात बॉनेट उघडून ठेवलेलं. जानेवारीत पाहतो, तर रंगवलेलं दार परत उखडलेलं! इतर गाड्या दोन-चार महिन्यांत पुऱ्या करणारा माणूस या एका ट्रकपाशी वर्षानुवर्षं अडलेला. मला संशय यायला लागला, की हा मला समितीपुढे तोंडघशी पाडणार. फलक लागलेला, मधलं टेबल रिकामं, आणि सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेली शंभर माणसं विचारणार, "काय प्रधान, ट्रक पंक्चर झाला का?"

पंचवीस तारखेच्या संध्याकाळी मी तडक त्यांच्या घरात घुसलो. ट्रक टेबलावर उभा होता. पूर्ण! दारं जागेवर, ताडपत्री बांधलेली, चाकांवर चिखल. मी फोटोकडे पाहिलं, ट्रककडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं, आणि माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. फोटोत पाण्याची पिशवी उजवीकडे, स्टिअरिंगच्या बाजूला. ट्रकला ती डावीकडे!

असा क्षण आयुष्यात एकदा येतो. मी सोडला नाही.

"केळुसकर," मी म्हटलं, "पिशवी उलट्या बाजूला लावलीत. हा बघा फोटो! डोळे आहेत की कोटाची बटणं?"

केळुसकर चिडले नाहीत. आतल्या खोलीकडे बघून घाईने म्हणाले, "हळू, प्रधान, हळू. माहीत आहे मला. गप्प बसा जरा, तो येतोय."

दादा बाहेर आले. मला नमस्कार केला. "येवा साहेब." भावाकडे वळून, "साहेब, तुमी पण बसा." खुर्चीचा हात धरून टेबलाशी बसले. नजर ट्रकवर गेली. ती तिथेच थांबली, आणि बघता बघता दादांचा चेहरा बदलला.

"मेल्या येश्या!" ते ओरडले. "पिशवी खंय लायलंस? कितीदा सांगलंय तुका! तान लागली तर ड्रायव्हर उतरान वळसो घालून जातलो काय रे? गाढवा!"

मी दचकलो. जगाला बटणं म्हणणारे केळुसकर हात जोडून, शाळेतल्या मुलासारखे उभे होते.

"चुकलंय, दादा."

"चुकलंय म्हणे! ती गाडी मी चलवलंय, तू नाय!" आणि दादा बोलत सुटले. सीमेवरच्या घाटातला बर्फ, पिशवीतलं गोठलेलं पाणी, ती पिशवी कोटाच्या आत पोटाशी धरून ते वितळवायचं, शेजारी बसलेला पंजाबी सोबती, त्याची गाणी. मी दादांना कधी सलग तीन वाक्यं बोलताना ऐकलं नव्हतं. केळुसकरांनी चिमट्याने पिशवी सोडवून उजव्या दाराला लावली. दादांनी वाकून पाहिलं, मान हलवली, आणि भावाच्या डोक्यात हळूच एक टपली मारली.

"जेवलंस काय रे येश्या?"

"नाय दादा."

"जेव आधी. गाडी खंय पळान जाणा नाय."

मग दादा परत ट्रककडे वळले. ट्रक आता बरोबर होता, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यांनी मान वर केली, समोर उभ्या असलेल्या केळुसकरांकडे पाहिलं, आणि अर्धे उठून अदबीने विचारलं, "साहेब, तुमी खंयसून इलात?"

"इथलाच आहे," केळुसकर म्हणाले. "शेजारचा."

वहिनी दादांना आत घेऊन गेल्या. केळुसकरांनी भिंगाचा पट्टा कपाळावरून काढला आणि तो पुसत बसले.

"सगळ्यांना साहेब म्हणतो तो," ते म्हणाले. "मलासुद्धा. गेली दोन वर्षं. ट्रकमध्ये चूक दिसली, की तेवढा वेळ मला ओळखतो."

मला रडू यायला लागलं, आणि त्याचाही राग आला. कुणाशी भांडायला आलो होतो मी, आणि हे काय! ज्या अहो-जाहोचं मी बायकोपाशी गुणगान करत होतो, त्याने हा माणूस रोज, स्वतःच्या घरात, परका होत होता. मी उगाच मोठ्याने म्हटलं, "मग उद्याच्या प्रदर्शनाचं काय?"

"बाकी काय हवं ते न्या. ट्रक मिळणार नाही. तो व्हायचाय अजून."

"बरं. समितीला मी सांगतो. कोण बोलतंय ते बघतोच."

मी निघालो. दारापर्यंत पोचलो नसेन, तोच मागून आवाज आला.

"प्रधान, जरा थांबा. अडचण आहे एक." केळुसकर ट्रककडे बघत होते. "एकच चूक परत केली की त्याला तितका राग येत नाही. नवी लागते. आरसे झाले, दिवे झाले, दारं झाली. आता सुचतच नाही हो काही. सवय नाही ना. तुमच्यासारख्या माणसाची मदत लागेल."

उपकार मागतानासुद्धा हा माणूस अपमान करतो! मी खुर्ची ओढली, ट्रक जवळ घेतला आणि बराच वेळ निरखला.

"मागचं एक चाक लावूच नका," मी म्हटलं.

केळुसकरांनी विचार केला. पट्टा परत कपाळावर चढवला.

"चाक," ते म्हणाले. "चालेल. चाकावरून तो पुष्कळ वेळ शिव्या देईल."

आतून वहिनी चहा घेऊन आल्या.