रंगनाथरावांची कंपनी

रंगनाथराव गव्हाणे नागापूरच्या एमआयडीसीत माझ्याबरोबर नोकरीला आहेत. पण ते ‘आपली कंपनी’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात आमचा कारखाना नसतो. सकाळी गेटवर कार्ड पंच करता करता ते म्हणतात, “देशपांडे, आपल्या कंपनीनं लई भारी काम केलंय बरं का!” कुणी नवा माणूस शेजारी असला तर त्याला वाटतं, बोनस जाहीर झाला. मग बिचाऱ्याला कळतं की, परदेशातल्या एका मोबाईल कंपनीने फोनच्या पाठीला जांभळा रंग दिलाय.

त्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं की तिचे भक्त समजूत काढायला घरी येतात आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठत नाहीत.

गंमत अशी की, रंगनाथराव आमच्याकडे क्वालिटीला आहेत. मालावर केसाएवढा चरा दिसला तरी अख्खा लॉट परत. सप्लायर हात जोडतो, चहा पाजतो. हे चहा पितात आणि लॉट परत पाठवतात. “दोष तो दोष. गिऱ्हाइकानं का सोसायचा?” हा त्यांचा बाणा. तो बाणा फोन हातात घेतला की कुठे जातो, कोण जाणे.

कंपनीने फोनबरोबर चार्जर द्यायचा बंद केला, तेव्हा मी म्हणालो, “उद्या टेम्पो विकतील आणि चाकं वेगळी घ्या म्हणतील.”

“अहो, घरोघरी चार्जर पडून हायेत. कंपनीला तुमच्या अडगळीची काळजी हाय.”

पुढे जुना चार्जर नव्या फोनला बसेना, कारण टोकच बदललं होतं. रंगनाथरावांनी नवा विकत आणला. मी म्हटलं, “मग अडगळ वाढली की!”

“ही दर्जेदार अडगळ हाय.”

इअरफोनचं भोक बुजवलं, तर म्हणे, “धूळ जात हुती.” अपडेट घेतल्यावर फोन गोगलगायीसारखा चालायला लागला, तर म्हणे, “त्याचं वय झालं. पळवून मारायचा का त्याला?” एकदा केडगावच्या दुकानदाराने बॅटरी बदलून दिली, तर पडद्यावर सूचना आली की हा भाग परका आहे. आता काय म्हणतील म्हणून मी उत्सुकतेने पाहू लागलो. रंगनाथराव अभिमानाने म्हणाले, “सोयरीक करताना आपन घराणं बघत न्हाई व्हय?” आणि घराण्यातली बॅटरी बसवायला रजा टाकून पुण्याला गेले.

नगरात या भक्तांचा एक ग्रुप आहे. नवा फोन जाहीर होतो, तेव्हा ते एकत्र बसून तो सोहळा मोठ्या पडद्यावर पाहतात. एकदा रंगनाथरावांनी मलाही नेलं. मंचावरचे साहेब म्हणाले, हा आमचा आजवरचा सर्वांत उत्तम फोन. टाळ्या पडल्या. मी सहज विचारलं, “हे तर मागच्या खेपेलाही म्हणाले होते ना?” मयताच्या घरी चहात साखर कमी असल्याचं बोलावं, तशी सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली.

मग घड्याळ आलं. तेही अर्थात कंपनीचंच. माणूस पडला की ते ओळखतं आणि ज्याचा नंबर घातला असेल त्याला कळवतं. महिनाभर आम्ही त्याचं कीर्तन ऐकलं. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा झाली आणि नारळ फोडायचा मान रंगनाथरावांना मिळाला. त्यांनी हात उंचावून नारळ दगडावर असा आपटला की, घड्याळाला वाटलं मालकच आपटला. ते थरथरत विचारू लागलं, ‘तुम्ही पडलात का?’ नारळाच्या पाण्याने बोटं ओली, पडदा काही दाद देईना. आरती थांबली. रंगनाथराव मनगटावर ओरडत होते, “न्हाई पडलो! उभा हाय! न्हाई पडलो!”

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला. रंगनाथ गव्हाणे जोरात पडले आहेत, असा संदेश आणि खाली नकाशा. नकाशावरचा ठिपका माझ्यापासून हातभर अंतरावर हात पुसत उभा होता.

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. नंतर प्रसाद खाताना मी त्यांना बाजूला घेतलं. “माझा नंबर कशाला घातलात?”

“कुनाचा तरी घालावा लागतो. ती जागा मोकळी कशी सोडायची?”

वहिनी वारल्याला काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. धाकटा भाऊ शेवगावला शेती करतो. त्याच्याशी येणंजाणं नाही, हे मला तुकड्यातुकड्याने माहीत होतं.

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं, तर तुमी कंपनीला शिव्या घातल्या असत्या.” आणि ते खोबरं चावत निघून गेले.

थंडीत एके दिवशी ते कामावर आले नाहीत. चहाच्या सुट्टीत कंपनीचं गुणगान ऐकू आलं नाही, तेव्हा मला ते जाणवलं. फोन केला, उचलला नाही. घड्याळाचा संदेश नाही, म्हणजे माणूस ठीक असणार, असं मी स्वतःला बजावलं. मीच! मग मलाच माझी लाज वाटली. अर्धी रजा टाकली आणि स्कूटर काढून केडगावला त्यांचं घर गाठलं.

दार आतून बंद होतं. हाका मारल्या, तेव्हा मागच्या बाजूने कण्हणं ऐकू आलं. शेजाऱ्याला घेऊन दाराला खांदे लावले आणि कडी उखडून आत शिरलो. रंगनाथराव न्हाणीघरात ओल्या फरशीवर पडले होते. पाय वाकडा, ओठ निळे, दातांवर दात वाजत होते. घड्याळ बाहेरच्या खोलीत फळीवर चार्जिंगला लावलेलं.

मला पाहून ते पहिलं वाक्य बोलले ते असं, “चार्जिंगला हुतं. कंपनीची चूक न्हाई.”

“गप्प बसा हो!” मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारी दचकला. पांघरूण आणून त्यांच्या अंगावर घातलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि अॅम्ब्युलन्समध्येही सोडला नाही.

सावेडीतल्या एका दवाखान्यात खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर आमच्या घरून डबा जाऊ लागला. एका संध्याकाळी मी गेलो, तर रंगनाथराव खाटेवर बसून फोनमध्ये डोकं घालून होते. सुताराने दार दुरुस्त करून नवं कुलूप लावून दिलं होतं.

“देशपांडे, आपल्या कंपनीनं दाराचं कुलूप बी काढलंय आता. फोननं उघडतं.”

मी जिभेला धार लावून तयार झालो. पण त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि उशीखालून दोऱ्यात बांधलेली एक नवी कोरी किल्ली काढली.

“सुतारानं दोन दिल्यात. एक तुमी ठेवा.” भिंतीकडे बघत ते म्हणाले, “हिला चार्जिंग लागत न्हाई.”

त्यांच्या तोंडून कंपनीच्या उण्याचा एवढाच उच्चार मी ऐकला आहे. मी किल्ली खिशात घातली, डबा उघडला आणि भाकरीवर पिठलं वाढून ताट त्यांच्यासमोर सरकवलं. मला घरी लवकर पोचायचं होतं. त्यांचं जेवण होईपर्यंत मी बसलो, आणि जेवण झाल्यावरही बराच वेळ बसून राहिलो.