पिल्लू उडालं तेव्हा चोचेराव काय बघत होते

एका जंगलात सगळ्यांकडे मोबाइल होते. ते कुठून आले, असं विचारू नका. हत्तीला सोंड कुठून आली, असं तुम्ही विचारता का? वाघाकडे तर दोन होते. एक गुरगुरायला आणि एक नुसता जवळ असावा म्हणून.

त्या जंगलात चोचेराव नावाचे एक धनेश राहत. त्यांच्या पत्नीचं नाव चित्रांगी. बाळांनो, धनेशांची रीत मोठी मजेची असते. अंडं घालायची वेळ आली की धनेशीण झाडाच्या ढोलीत शिरते आणि चिखलाने दार लिंपून घेते. एवढीशी फट ठेवते. त्या फटीतून नवरा तिला उंबरं भरवतो.

चित्रांगी ढोलीत बसली आणि चौथ्याच दिवशी कंटाळली.

"अहो, मला वेबसाइट काढून द्या. मी अंडं दाखवीन."

"अगं, अंडं कोण बघणार?"

"तुम्ही आधी काढा तर!"

त्याच झाडाच्या मुळांत साळिंदरशेठ काटेकर यांचं बीळ होतं. बिळात सर्व्हर होता. सर्व्हर म्हणजे एक यंत्र. तुमचं चित्र त्याच्या पोटात राहतं आणि ज्याला पाहायचं असेल त्याच्याकडे धावत जातं. बिळाच्या तोंडावर पाटी होती : 'अमर्याद! महिन्याला दहा उंबरं फक्त. मोजमाप काटेकोर.'

"अमर्याद आहे, तर मोजता कशाला?" चोचेरावांनी विचारलं.

"आवड म्हणून," काटेकरशेठ म्हणाले.

चोचेरावांना आवड असलेली माणसं आवडत. त्यांनी दहा उंबरं ठेवली आणि वेबसाइट सुरू झाली.

पहिले काही दिवस एकटं कासव अंडं बघत होतं. अंडं हलत नव्हतं आणि कासवाचीही काही तक्रार नव्हती.

मग एका सकाळी अंडं तडकलं! आतून एक उघडंवाघडं, गुलाबी, चोचीएवढंच पिल्लू बाहेर आलं आणि शिंकलं. माकडांनी ती शिंक इकडून तिकडे पाठवली, तिकडून पलीकडे पाठवली. तीन दिवस अख्खं जंगल ती शिंक बघत होतं. हरणं चरायची थांबली. कोल्हा रडला. वाघाने दोन्ही मोबाइलवर पाहिली.

"अहो, आपण प्रसिद्ध झालो!" चित्रांगी फटीतून ओरडली. चोचेराव आनंदाने फांदीवर इतके नाचले की फांदी मोडली.

महिना संपला आणि बिल आलं. त्यात लिहिलं होतं : उंबराचं एक झाड, फळांसकट.

चोचेराव तडक बिळात गेले. "शेठ, पाटीवर अमर्याद लिहिलंय!"

"आहेच की. तुम्हाला कुणी अडवलं का?"

"मग हे झाड कसलं?"

काटेकरशेठांनी आत बोट दाखवलं. आत एक घोरपड पहुडली होती. दर पाच मिनिटांनी ती एक डोळा उघडायची, सर्व्हरमधून किती चित्रं बाहेर धावतायत ते पाहायची आणि भिंतीवर नखाने एक रेघ ओढायची. गर्दी जास्त तर रेघ उंच. मग पुन्हा डोळा मिटायची.

"महिनाअखेर आम्ही सगळ्या रेघा बघतो," काटेकरशेठ म्हणाले. "शंभरातल्या सगळ्यात उंच पाच पुसून टाकतो. फुकट! आमच्यातर्फे भेट."

"फार उपकार झाले. आणि उरलेल्या?"

"उरलेल्यांतली जी सगळ्यात उंच, तेवढी गर्दी महिनाभर होती असं धरतो."

"पण महिनाभर नव्हती! तीनच दिवस होती!"

"दीड दिवसात आटोपली असती, तर सगळीच पुसली गेली असती. शंभरात पाच म्हणजे महिन्यात दीड दिवस. तुमचं पिल्लू लोकांना तीन दिवस आवडलं, त्याला मी काय करू?"

चोचेरावांनी झाड दिलं. त्या महिन्यात पिल्लाला उंबरं कमी आणि लाइक जास्त मिळाले. लाइक खाऊन पोट भरत नाही. पिल्लू रात्रंदिवस चोच वासून बसायचं. चोचेराव नदीपलीकडून फळं आणून आणून काटकुळे झाले. त्यांनी वेबसाइट बंद करून टाकली.

पण जंगल कुठलं ऐकतंय! दार फोडून चित्रांगी बाहेर आली, पिल्लाला पिसं फुटली, तशी सगळ्यांची एकच ओरड सुरू झाली. "पिल्लू उडताना दाखवा!"

"दाखवू या ना हो," चित्रांगी म्हणाली. "आयुष्यात एकदाच उडणार ते पहिल्यांदा."

चोचेरावांना युक्ती सुचली. वेबसाइट दीडच दिवस उघडायची. पिल्लाने तेवढ्यात उडायचं. दीड दिवस भरायच्या आत बंद! मग सगळ्या उंच रेघा पुसल्या जाणार. "शेठची भेट शेठच्याच गळ्यात!" असं म्हणून ते एवढे हसले की पिल्लूही घाबरून हसलं.

चित्रांगीने मोबाइल फांदीच्या बेचक्यात बसवला. चोचेराव बिळात घोरपडीसमोर बसले. वेबसाइट उघडली. झाडाखाली ही गर्दी जमली! पिल्लू डोक्यावर होतं आणि सगळे माना खाली घालून मोबाइलमध्ये पिल्लू बघत होते.

पिल्लू ढोलीच्या काठावर आलं, खाली बघितलं आणि आत गेलं.

पुन्हा आलं. पंख झटकले. गर्दीने श्वास रोखला. पिल्लाने शी केली आणि आत गेलं.

एक दिवस गेला. घोरपडीने डोळा उघडला, रेघ ओढली, डोळा मिटला.

"अगं, त्याला म्हणावं, उड!" चोचेराव बिळातून ओरडले.

"घाबरलंय हो ते! तुम्ही वर या, तुम्हाला बघून उडेल."

"आलो असतो गं, पण इथे लक्ष ठेवायला हवं!"

दीड दिवस भरत आला. घोरपडीची पापणी थरथरली. आता ही रेघ ओढली की गेलं दुसरं झाड!

"बंद!" चोचेराव किंचाळले. "शेठ, बंद करा!"

काटेकरशेठांनी कळ दाबली. घोरपडीने डोळा उघडला. बाहेर एकही चित्र धावत नव्हतं. तिने जमिनीलगत एक बुटकी रेघ ओढली.

"जिंकलो!" चोचेरावांनी उडी मारली. "दहा उंबरं! दहाच!" ते नाचत नाचत बाहेर आले आणि त्यांनी वर पाहिलं.

ढोली रिकामी होती.

गर्दी काळ्याठिक्कर पडद्यांवर बोटं आपटत होती. चित्रांगी दूर आभाळाकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"उडालं," ती म्हणाली.

"कधी?"

"तुम्ही 'बंद' म्हणून ओरडलात ना, तेव्हा दचकून. काय सुंदर उडालं हो!"

चोचेरावांच्या मागे काटे खुळखुळले.

"मोबाइल चालूच होता ना वर," काटेकरशेठ हळूच म्हणाले. "बाहेर जाणारं बंद केलं होतं आपण. आत येणारं येतच होतं. पूर्ण उड्डाण आहे माझ्याकडे. दाखवू?"

"दाखवा!"

"एक झाड."

चोचेरावांनी वर पाहिलं नाही, चित्रांगीला विचारलं नाही. त्यांनी झाड दिलं. फळांसकट.

तात्पर्य : पिल्लू कधी उडेल ते सांगता येत नाही, बिल मात्र वेळेवर येतं. म्हणून बाळांनो, नजर नेहमी मीटरवर ठेवावी. पिल्लं काय, पुढच्या वर्षीही होतील.