गाडी वाजेनाशी झाली

बाबांची गाडी गल्लीच्या तोंडावरच्या स्पीडब्रेकरवर चढली की "खडाक्" आणि उतरली की "कुंईऽऽ" असा आवाज करायची, आणि त्या आवाजावर त्यांचं तिसऱ्या मजल्यावरचं घर कित्येक वर्षं सुरळीत चाललं होतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त बाबांना नव्हतं.

बाबांची समजूत अगदीच निराळी होती. ऑफिसात डबा खाताना ते हमखास सांगायचे, "मी दारात पाऊल टाकायचा अवकाश, चहाचा कप हजर! फोन नाही, निरोप नाही. बायकोला आतूनच कळतं बघा." ज्यांना घरी गेल्यावर "आलात का?" एवढंही कुणी विचारत नसे, ते सहकारी मान खाली घालून मुकाट जेवायचे. या एका भाग्यापुढे बाबांना हुकलेल्या बढतीचंही काही वाटत नसे.

आवाज जडला तो मुलीच्या शाळेतल्या दिवसांत. सगळे सहलीला निघाले होते. मागे आजी जोरजोरात गात होती, मुलीला गाडी लागली होती आणि आई "थांबवा, थांबवा" म्हणत असताना बाबांनी जी थांबवली ती थेट खड्ड्यात. गाडी बाहेर आली ती वाजतच. पुढे मुलगी कॉलेजात गेली, आजीचे दात गेले, पण आवाज टिकून राहिला. बाबांना तर त्याशिवाय घर जवळ आल्यासारखंच वाटत नसे.

मग गाडी डावीकडे ओढायला लागली आणि टायर आतल्या बाजूने झिजला, तेव्हा बाबा ती मिस्त्रीकडे घेऊन गेले. या मिस्त्रीला गाडी दुरुस्त करण्यापेक्षा समजावून सांगण्याची हौस भारी.

"साहेब, हा लोअर आर्म. म्हणजे समजा चाकाचा हात. यानं चाकाला वरखाली उड्या मारू द्यायच्या, पण पुढेमागे पळू द्यायचं नाही. आणि सांध्यात हे रबरी बुश." त्याने पहार घालून आर्म ढकलला. तो पडायला आलेल्या दातासारखा हलला. "रबराचा पार भुगा झालाय. वाजतंय ते लोखंडावर लोखंड. आणि पुढचा हा बॉल जॉइंट निसटला ना, तर भर रस्त्यात चाक आडवं झोपेल! कधी तपासून घेतलंत की नाही?"

"सवय झाली होती रे आवाजाची."

"सगळे अस्संच म्हणतात," मिस्त्री म्हणाला आणि कामाला लागला.

दोन्ही बाजूंचे आर्म बदलले. गाडी खाली उतरवून चाकांवर भार आल्यावरच त्याने बुशचे बोल्ट पक्के आवळले. लटकत्या चाकांवर आवळले तर नवं रबर पिळून फाटतं, हे त्याने दोनदा ऐकवलं. त्या संध्याकाळी गाडी स्पीडब्रेकरवरून मांजरीच्या पावलांनी गेली. बाबा खूश होऊन जिना चढले आणि त्यांनी किल्लीने दार उघडलं.

आत टीव्ही ठणाणा करत होता. मुलगी बाबांच्या आरामखुर्चीत उलटी होऊन पाय भिंतीवर टेकवून पडली होती. आजी, जिला बाबांनी गोड बंद केलं होतं, ती साखरेच्या डब्यात चमचा घालून उभी होती. आणि मधोमध आई शेजारणीला नक्कल करून दाखवत होती, "'अगं, माझा चष्मा कुठाय? या घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!' आणि चष्मा कपाळावर!"

शेजारणीने बाबांना पाहिलं आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं.

"अगंबाई, तुम्ही?" आई दचकली. "असे कसे आलात? वाजला नाहीत ते!"

"वाजला नाहीत म्हणजे?"

"गाडी, बाबा," मुलगी सरळ होत म्हणाली. "खडाक् झालं की आई चहा टाकते, मी पुस्तक उघडते आणि आजी डबा लपवते."

आजी म्हणाली, "मी नाही हो!" पण तोंडात साखर होती.

बाबा मटकन बसले. म्हणजे आतून वगैरे काही नाही! एवढी वर्षं बायकोला तिचं मन नव्हे, फाटकं रबर कळवत होतं. त्यांना मनापासून वाईट वाटलं, आणि वर ते कुणाला सांगायचीही चोरी.

दुसऱ्या दिवशी आईने अंदाजाने चहा टाकला. बाबा आले तेव्हा त्याचा काढा झाला होता. तिसऱ्या दिवशी मुलीला गॅलरीत उभं केलं. तिला मैत्रिणीचा फोन आला आणि चहाच झाला नाही. त्यातच कळलं की आवाजावर भिस्त असलेलं त्यांचं एकट्याचंच घर नव्हतं. खालचे काका तो ऐकून बाबांच्या जागेतली आपली स्कूटर काढायचे. आता स्कूटर तिथेच राहिली आणि बाबांनी ती आडवी केली. त्यानंतर वॉचमनने फाटक उघडलं नाही आणि गाडीचं नाक फाटकाला जाऊन भिडलं.

"पण साहेब, तुम्ही आवाजच दिला नाहीत!" वॉचमन उलट बाबांवरच डाफरला.

चेपलेलं नाक घेऊन बाबा मिस्त्रीकडे गेले. "माझे जुने आर्म परत बसव."

"वेड लागलंय का साहेब? जीव जाईल! आवाजच हवा असेल तर पत्र्याच्या डब्यात नट घालून डिकीत ठेवा."

क्षणभर बाबांना मोह झाला. पण डब्यातल्या नटांवर मिळवलेला चहा घशाखाली कसा उतरणार? गाडी तिथेच सोडून ते चालत निघाले. आज ना खडाक्, ना कुंई, ना कुणाला पत्ता. उद्यापासून डबा खाताना आपणही मान खाली घालायची, असं ठरवून ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले.

दार उघडंच होतं. आई कप घेऊन उभी होती आणि कपातून वाफ येत होती.

"अगं, गाडी तर मिस्त्रीकडे आहे! तुला कळलं कसं?"

"तुमचा उजवा गुडघा," आई म्हणाली. "पहिल्या मजल्यापासून वाजतो. कट्, कट्. गाडीच्या खडखडाटात इतके दिवस तिकडे लक्षच गेलं नव्हतं. परवापासून दाराशी कान लावून बसले, तेव्हा सापडला."

"कान लावून बसली होतीस?"

"मग? गाडी काय जन्मापासून होती? सायकल होती तेव्हा तिचं चेनकव्हर ऐकत बसायचे. त्याच्याही आधी तुमची ती करकरणारी चप्पल. घ्या आता, निवतोय."

बाबांचे डोळे भरून आले. चहात साखर जरा जास्तच होती, पण त्यांनी कप शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला.

"बाबा," मुलगी काळजीने म्हणाली, "तो गुडघा डॉक्टरांना दाखवून घ्या हं. हल्ली छान बरा करून देतात."

"बघू गं," बाबा घाईघाईने म्हणाले, "एवढ्यात नको."