भडक्याचं गोड बोलणं

वेल्डरला सगळे भडक्या म्हणायचे. (तोंडावर नाही. तोंडावर म्हणणाऱ्याचा एक दात पडला होता.) पण त्यानं एकदा शहाणपणा केला. मेहुण्यानं खिशातून काढून दिलेली गोळी परत फेकली आणि सरळ डॉक्टर गाठला.

"अंथरुणात काही जमंना झालंय. मी लाजत नाही, स्पष्ट सांगतो," असं म्हणून तो लाजला.

डॉक्टरनं बीपी बघितलं, छाती तपासली, कुठली औषधं चालू आहेत ते खोदून विचारलं. "छातीदुखीची गोळी चालू असती तर ही दिलीच नसती. तासभर आधी घ्यायची, दिवसाला एकच. दारू नको. तोंड जरा लाल होईल, घाबरू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरं शाळेत, घर रिकामं. भडक्यानं गोळी घेतली आणि हातोडी जागेवर नाही म्हणून बायकोवर ओरडला. ती तणतणत नणंदेकडे निघून गेली. भडक्या एकटाच खाटेवर वाट बघत बसला. कशाची, त्यालाच ठाऊक!

संध्याकाळी तो दवाखान्यात हजर. "बोगस माल दिला! आता दोन घेतो."

"दोन घ्याल तर उचलून आणावं लागेल. आज आता एकही नाही. गोळी घेऊन केलंत काय?"

"भांडलो."

"मग गोळी काय करणार? आधी मन लागतं, मन! उद्या घ्या, आणि तासभर बायकोशी गोड बोला."

(गोड! त्यापेक्षा इंजेक्शन परवडलं असतं.)

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊन तो बायकोशेजारी टेकला. घसा खाकरला. "चहा फक्कड झालाय गं. दमलीस का?"

बायको बघतच राहिली. ह्याचं तोंड लालबुंद.

"अहो, छातीत कळ येतेय का?"

"नाही गं, राणी."

'राणी' ऐकलं मात्र, तिनं बोंब ठोकली. शेजारी टेम्पो घेऊन धावला. (शेजाऱ्यासमोर खरं कसं सांगणार?) दवाखाना पेशंटांनी भरलेला, आणि ही दारातूनच ओरडली, "डॉक्टर, धावा! हे गोड बोलायला लागलेत!"

सगळ्यांनी उठून त्याला पुढं जाऊ दिलं.

डॉक्टरनं दार लावलं, भडक्याला तपासलं आणि त्याच्याच तोंडून सगळं वदवून घेतलं. बायको डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "एवढंच होय? मला सांगायचं की!" तिनं त्याचा हात धरला तो सोडलाच नाही. भडक्याला एकदम बरं वाटलं.

दारापाशी ती वळली. "डॉक्टर, ती गोळी चालू दे अधूनमधून. पण ह्या गोड बोलण्यासाठी काही मिळतं का, रोज सकाळ-संध्याकाळ द्यायला?"