गंगाक्का हसल्या तर भट्टी

मल्लाप्पाआण्णांशी बोलायला उभं राहिलं की ते तुमच्या डोळ्यांकडं न बघता पोटाकडं, नाकाकडं नाहीतर कानांकडं बघत. चार दिवसांनी ते पोट, नाक किंवा कान चिनीमातीत उतरलेलं असे. आमच्या गल्लीतले वकील कोंबडी होऊन फायली उबवत बसलेले मी पाहिले आहेत. माझं म्हणाल तर स्कूटरला किक मारणारा मास्तर, आणि बघणाऱ्याला त्याचा पार्श्वभागच आधी दिसावा अशी योजना. मी महिनाभर आण्णांशी बोललो नाही. बाहुली मात्र अजून माझ्या कपाटात आहे.

आण्णा उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे मातीचे साचे करणारे, होते. कला कुणी शिकवली विचारलं तर म्हणत, "शिकवायला कोन बसलंय? हात हायत, माती हाय. बास की." भट्टीही घरचीच, तेलाच्या पिंपाला आतून फाउंड्रीतल्या जुन्या विटा लावून घरामागच्या परड्यात मांडलेली.

पण भट्टीत काय जायचं ते आण्णा ठरवत नसत. ओली बाहुली घेऊन ते स्वयंपाकघरात जात आणि बायकोच्या, म्हणजे गंगाक्कांच्या, तोंडासमोर धरून मुकाट उभे राहत. गंगाक्का हसल्या तर बाहुली वाळून भट्टीत. नाही हसल्या तर पाण्याच्या टबात, परत चिखल. "ही हसली न्हाय तर जगानं हसून काय करायचं?" असं त्यांचं म्हणणं. गंगाक्कांचं हसू गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. वकिलांच्या वेळी तर ठसका लागून त्यांची पाठ चोळावी लागली होती.

दोन हजार सालच्या सुमाराला गंगाक्कांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चेहरा हललाच तर डावीकडं थोडासा.

आण्णांनी नोकरी सोडली. न्हाऊ घालणं, भरवणं सगळं तेच करत, आणि उरल्या वेळात बाहुल्या. पलंगापाशी धरून उभे राहत. गंगाक्का बघत. बाहुली टबात जाई. असं तीन वर्षं चाललं. भट्टीत मांजर व्यायली. बाहुल्या दिवसेंदिवस आचरट होत गेल्या, धोतर सुटलेला पुढारी काय, कमोडवर बसलेला यम काय. मला त्या बघवेनात. विनोद एवढा केविलवाणा होऊ शकतो हे मला तिथं कळलं.

एकदा आण्णा औषधं आणायला गेले होते आणि मी गंगाक्कांजवळ बसलो होतो. खिडकीत म्हशीवर बसलेल्या ट्रॅफिक पोलिसाची ओली बाहुली होती, झकास जमलेली. आण्णा आल्यावर मी सांगून टाकलं, "आत्ता हसल्या हो गंगाक्का. मी बघितलं."

आण्णांनी हातातली पिशवी तिथंच खाली ठेवली. "व्हय? कुठल्या अंगानं हसली?"

माझी त्रेधा उडाली. "उजव्या," मी म्हणालो.

 आण्णांनी पोलिसाला उचलून टबात बुडवलं आणि बुडबुडे थांबेपर्यंत हात तसाच दाबून धरला. "च्या घेनार न्हवं, मास्तर?" एवढंच विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्याच उन्हाळ्यात एका पहाटे गंगाक्का गेल्या. लिंगायतांत पुरतात, तेही बसवून. कपाळाला भस्म लावून गंगाक्का खड्ड्यात बसल्या होत्या आणि आम्ही मुठीत माती घेऊन वर उभे होतो. तेवढ्यात आण्णांनी टॉवेलातून एक ओली बाहुली काढली. बाहुलीत चमचा धरून भरवणारे ते स्वतःच होते. बायकोला भरवताना त्यांचंच तोंड वासलेलं असे, पार पडजीभ दिसेपर्यंत. ते तोंड हुबेहूब उतरलं होतं. मला भर दफनभूमीत हसू फुटलं, आणि मग रडू आवरेना.

"काल सांजचं झाली. दावायची ऱ्हायली," आण्णा म्हणाले.

ते खड्ड्यात उतरले, उकिडवे बसले आणि बाहुली गंगाक्कांच्या तोंडासमोर धरून थांबले. बराच वेळ थांबले. विधी सांगणारे जंगम खाकरले. तेव्हा कुठं आण्णांनी ती गंगाक्कांच्या मांडीवर ठेवली, वर आले आणि आम्हाला म्हणाले, "माती जरा हळू टाका. कच्ची हाय ती."