सोफ्याखालचं गाढव

कुणाची फजिती करायची असेल तर बिनधास्त माझ्याकडे या! पडद्यांचं दुकान आहे ते पोटापाण्यासाठी. माणसाला बसल्या जागेवरून वीतभर उडवणं, ही माझी खरी कला. आणि त्या दिवशी तर सावज आपल्या पायांनी घरी येणार होतं!

त्याचं असं झालं. माझी मेहुणी आणि तिचे दोस्त गेली दोन वर्षं एकच ध्यास घेऊन बसलेत. घरातली स्मार्ट यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत. ह्या कंपनीचा दिवा त्या कंपनीच्या कुलपाला ओळख देत नाही. भांडलेल्या जावा बऱ्या! म्हणून हिने सगळ्यांसाठी एकच बोली तयार केली. नियम नेटवर फुकट. कुणीही वाचा, कुणीही यंत्र बनवा! पोरीचं डोकं असं, की आमच्या अख्ख्या घराण्याची डोकी एकावर एक रचली तरी तिथवर पोचणार नाहीत.

प्रात्यक्षिक आमच्याच घरी. बघायला येणार एका कुलूप कंपनीचे बडे साहेब. ते हो म्हणाले तर बाकीच्या कंपन्या मागोमाग येणार. नाही म्हणाले तर सगळा गाशा गुंडाळायचा.

"भावोजी, आज गंमत नको हं," मेहुणी म्हणाली.

"छे! मी आणि गंमत?"

भोंगा तेव्हा सोफ्याखाली चिकटूनही बसला होता! तिचेच नियम वाचत, तिलाच शिव्या घालत मी तो घरी बनवला होता. साहेब टेकले की मोबाइलवर बटण दाबायचं, बुडाखाली गाढव ओरडणार! अडलं ते एकाच ठिकाणी. नव्या यंत्राला आधी आपण कोण ते घराला सांगावं लागतं. दिवा, पंखा, कुलूप... यादीत गाढव नव्हतं हो! त्यातल्या त्यात बोंब मारणारं काय, तर धूर झाला की वाजणारी आगीची घंटा. तेच नाव दिलं ठोकून!

साहेब आले. सोफ्यावर रेलून त्यांनी दिवे पाहिले, पंखे पाहिले आणि नाक मुरडलं.

"नियम तुमचे, यंत्रं जोडणारेही तुम्हीच. चालणारच! बाहेरच्या माणसाला नुसतं वाचून हे जमेल?"

मेहुणीचा चेहरा पडला. म्हटलं, जरा वातावरण हलकं करू. दाबलं बटण!

गाढव ओरडलं. आणि घराला वाटलं, आग लागली!

दिवे भक्कन पेटले. पडदे सर्रकन बाजूला. खिडक्या सताड. गॅस बंद. घरातली झाडून सगळी कुलपं खटाखट उघडली. बाथरूमचंसुद्धा! आत सासरे. नखशिखांत साबण!

"कुठंय आग? कुठंय?" टॉवेल धरून ते थेट बैठकीत.

"सरका!" बायको बादली घेऊन धावली. आग काही दिसेना. ओरडा सोफ्याखालून येतोय, म्हणून तिने बादली सोफ्यावरच रिकामी केली. सोफ्यावर साहेब!

गाढव गप्प झालं. साहेब ठिबकत होते.

"भावोजी..." मेहुणी एवढंच म्हणाली. डोळे भरलेले. मी मोबाइल हळूच पाठीमागे लपवला.

साहेबांनी चष्मा पुसला. "ही घंटा कुणी बनवली?"

"ह्यांनी. मला पत्ताच नव्हता," मेहुणी पुटपुटली.

"म्हणजे घराने ओळखदेख नसलेल्या यंत्राचं ऐकलं? आमच्या कुलपांनीसुद्धा?" साहेब माझ्याकडे वळले. "आपण इंजिनिअर?"

"पडदे विकतो."

"विजेचं काही शिक्षण?"

"फ्यूज उडवलेत," बायको म्हणाली. "पुष्कळ."

साहेब ताडकन उठले. बाही पिळून त्यांनी मेहुणीला चक्क हात जोडले. "बाई, मानलं तुम्हाला! नियम लिहावेत तर असे! ह्या गृहस्थाला कळले, म्हणजे जगात कुणालाही कळतील!"

सासऱ्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. दोन्ही हातांनी! टॉवेल विसरून!

आता मेहुणी प्रत्येक कंपनीत मला बरोबर नेते. मी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, छाती काढून उभा राहतो. ती फार बोलत नाही. "हे यंत्र ह्यांनी बनवलंय," म्हणते आणि माझ्याकडे बोट दाखवते. लोक मला वरपासून खालपर्यंत बघतात...

आणि मुकाट्याने सही करतात!