भर जुलैत आर्डनचे पाय गार पडतात

"माझा ट्रक घाटात दम टाकेल? अगं, घाटच आधी दम टाकेल!"

नॉर्थ डकोटाच्या सपाट मुलखातून निघताना आर्डन सोल्बर्गनं हे वाक्य आधी बायकोला, मार्लिसला, ऐकवलं, मग शेजाऱ्याला, आणि तिसरं कोणी नव्हतं म्हणून शेवटी ट्रकलाच. एवढं ठासून सांगायला कारण होतं. गेल्या उन्हाळ्यात याच ट्रकनं भर रस्त्यात मान टाकली होती आणि मार्लिसला आपला वाढदिवस मोंटानातल्या एका गॅरेजबाहेरच्या मोडक्या बाकावर साजरा करावा लागला होता. केकऐवजी खारे दाणे! तेव्हापासून अट ठरली होती. यंदा ट्रक वाटेत एकदा जरी आजारी पडला, तर ट्रकमागे जोडलेला राहायचा ट्रेलर विकायचा आणि पुढचे उन्हाळे मार्लिसच्या बहिणीबरोबर, व्हर्नाबरोबर, जहाजाच्या सहली करायच्या.

व्हर्ना झोपेतसुद्धा बोलते, आणि जहाजावरून माणूस पळून पळून जाणार कुठे? पण ते एक वेळ सोसता आलं असतं. ट्रेलर विकणं सोसवणारं नव्हतं. निवृत्त झाल्यावर अख्खा हिवाळा खपून आर्डननं त्या चाकांवरच्या घरातलं कपाट न् कपाट स्वतःच्या हातानं बनवलं होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. शेजारी निरोप द्यायला म्हणून आला आणि बोलता बोलता ट्रेलरची लांबी पावलांनी मोजून गेला!

वायोमिंगमध्ये बिगहॉर्नचा घाट लागेपर्यंत ट्रक गुणी बाळासारखा चालला. आर्डन वाटभर इंजिनाचं कौतुक करत होता आणि मार्लिस विणकाम करत 'हो का' म्हणत होती. चढण सुरू झाली. दुसऱ्या वळणावर तापमानाचा काटा हलला. तिसऱ्या वळणावर तो निम्म्याच्या वर गेला. चौथ्या वळणावर आर्डनचं बोलणं बंद पडलं.

इंजिन तापलं की आतला हीटर पुरा लावायचा, म्हणजे इंजिनाची धग गाडीत ओढली जाते, हे ट्रेलर ओढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. मार्लिसला ठाऊक नव्हतं, ही देवाची कृपा! आर्डननं हळूच एसी बंद केला आणि हीटर लावला.

"आर्डन, हे काय?"

"पाय गार पडलेत."

"जुलै महिन्यात?"

"पायांना काय कळतोय महिना!"

मार्लिसनं त्याच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरून घामाच्या धारा वाहत होत्या, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि म्हणे पाय गार!

"तुला बरं वाटतंय ना?"

"ठीक आहे," आर्डन म्हणाला.

आणि इथेच घोटाळा झाला. सोल्बर्गांच्या गावात 'ठीक आहे' हे साधं उत्तर नाही. तिथे ज्याचा हात यंत्रात सापडतो, तोही 'ठीक आहे' म्हणतो. मार्लिसचे वडील कोठारात छाती धरून खाली बसले, तेव्हा त्यांचे शेवटचे शब्द हेच होते. मार्लिसनं विणकाम पिशवीत ठेवलं.

काटा लाल रेघेकडे सरकला. तेवढ्यात रस्त्याकडेला देखावा पाहायला थांबायची जागा दिसली. आर्डननं ट्रक आत घातला.

"काय झालं?"

"देखावा बघू या!"

चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं देखाव्यासाठी एकदाही ब्रेक दाबला नव्हता. जगप्रसिद्ध दरी 'खड्डा आहे झालं' म्हणून मागे टाकली होती. तोच आर्डन आता दुर्बीण डोळ्यांना लावून समोरच्या डोंगराकडे बघत होता, आणि कान मात्र इंजिनाच्या कुरकुरीकडे. बॉनेट उघडून एकदा आत डोकावला असता तर सगळा उलगडा झाला असता. पण बॉनेट उघडलं की मार्लिसला कळणार! म्हणून तो डोंगर बघत राहिला. काटा जरा उतरला, दोघं निघाली, काटा पुन्हा चढला. पुन्हा देखावा. तिसऱ्या देखाव्याला तर समोर नुसती मुरमाची दरड होती.

"किती सुंदर!" आर्डन म्हणाला. त्यानं बाहीनं कपाळ पुसलं.

मार्लिसनं डबा उघडून त्याच्या आवडीची, आंबट देठांची गोड रूबार्बची वडी पुढे केली. त्यानं मान हलवली.

"नको. घशाखाली उतरणार नाही."

मार्लिसनं डबा मिटला. रूबार्बची वडी आर्डननं आयुष्यात कधी नाकारली नव्हती. तापातसुद्धा नाही, सासऱ्याच्या अंत्यविधीलाही नाही! "मी जरा आत जाऊन येते," म्हणत ती ट्रेलरमध्ये गेली, कडी लावली आणि रुग्णवाहिकेला फोन केला. "नवऱ्याला हृदयविकाराचा झटका आलाय. घाटात आहोत. त्याला सांगू नका, घाबरेल."

बाहेर येऊन ती त्याला म्हणाली, "थोडं बसू या का इथेच? छान वाटतंय."

आर्डनला हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. इंजिनाला आयती विश्रांती! दोघं नवराबायको मुरमाच्या दरडीसमोर हातात हात घेऊन बसली. ती वळणाकडे डोळे लावून रुग्णवाहिकेची वाट बघत होती आणि तो मनातल्या मनात तिच्या निसर्गप्रेमाचे आभार मानत होता.

थोड्या वेळानं घाटापलीकडून भोंगा ऐकू आला. आर्डननं टोपी काढली.

"बिचारा! कुणाची तरी वेळ आली वाटतं."

भोंगा त्याच्यासमोर येऊन थांबला. एक धिप्पाड बाई आणि एक मिशाळ गडी स्ट्रेचर घेऊन उतरले.

"साहेब, अजिबात हलू नका. छातीत कळ येते?"

"मला? मी ठीक आहे!"

"बघा! बघा, कसा म्हणतोय!" मार्लिस रडायलाच लागली.

आर्डननं मनात हिशेब केला. खरं सांगावं, तर ट्रेलर गेला. गप्प बसावं, तर फार तर दवाखान्यात जाऊन यावं लागेल, डॉक्टर काही नाही म्हणतील, आणि ट्रेलर वाचेल. तो मुकाट्यानं स्ट्रेचरवर आडवा झाला. बाईनं रक्तदाब पाहिला आणि भुवया उंचावल्या. तो खरोखरच चढला होता, आणि का चढणार नाही?

मार्लिस त्याच्यावर वाकली. तिचे अश्रू त्याच्या नाकावर पडत होते. "आर्डन, ऐक. ट्रेलर विकायचा नाही. मला कुठलं जहाज नको, काही नको. तू फक्त राहा रे!"

 आर्डनला हवं ते मिळालं होतं, तेही न मागता, आणि इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती. तरी तो गप्प बसला. दवाखान्यापर्यंत तसाच गप्प राहिलाही असता! पण मार्लिसनं त्याच्या खिशातून किल्ली काढली.

"तुम्ही पुढे व्हा," ती त्या बाईला म्हणाली. "मी ट्रक घेऊन मागोमाग येते."

"थांब!" आर्डन पट्ट्यांसकट उठून बसला. "चालू करू नकोस! इंजिन उकळतंय! चढणीवर बंद पडलं तर ट्रेलर तुला घेऊन मागे येईल! मला काही झालेलं नाही, ट्रकला झालंय!"

 मिशाळ गड्यानं रक्तदाबाचा पट्टा सोडला.

"पाय गार?" मार्लिसनं विचारलं.

"नव्हते."

"देखावा?"

"कसला देखावा! दरड आहे ती."

सगळेच ट्रककडे गेले. आर्डननं बॉनेट उघडलं. रेडिएटरच्या पुढे, अगदी मापात कापून बसवलेला, पुठ्ठा होता! डकोटात हिवाळ्यात गार वारा अडवायला असा पुठ्ठा लावावा लागतो, नाहीतर इंजिन गरमच होत नाही. वसंतात तो काढायचा असतो. आर्डननं काढला नव्हता. धुलाईयंत्राच्या खोक्याचा तुकडा होता. त्यावर 'ही बाजू वर' असं छापलेलं होतं, आणि तेही उलटं लागलं होतं.

"म्हणजे ट्रक निर्दोष आहे!" आर्डन उत्साहानं म्हणाला. मिशाळ गडी स्ट्रेचर आवरायला निघाला.

धिप्पाड बाई जाताना वडी खाऊन गेली. पुठ्ठा काढला, इंजिन निवल्यावर पाणी भरलं आणि मार्लिस स्टिअरिंगपाशी बसली. आर्डन तिच्या जागेवर बसला. काटा जागचा हलला नाही. घाटमाथा आला, उतार लागला.

"मग... ट्रेलरचं काय?" आर्डननं शेवटी विचारलं.

"मी शब्द फिरवत नाही. ठेव तुझा ट्रेलर." तिनं सफाईनं एक वळण घेतलं. "एवढंच सांग. मघाशी 'थांब' म्हणून ओरडलास, ते माझ्यासाठी की इंजिनासाठी?"

योग्य उत्तर आर्डनला माहीत होतं. पण आज दिवसभर खोटं बोलून झालं होतं, तेव्हा निदान हे तरी नीट आठवून सांगावं, असं त्याला वाटलं. तो आठवू लागला.

"तुझ्यासाठी," तो ठामपणे म्हणाला.

उत्तर बरोबर होतं, आणि खरंही होतं. पण ते आठवेपर्यंत अख्खा घाट उतरून झाला होता.